मुलांना प्लेगची गोष्ट सांगताना

सहावीतली भाची सुटीत बोदवडला आली होती. मोबाइलवर पक्ष्यासारख्या चोचीच्या मुखवट्याचं चित्र दाखवत तिने विचारलं, "मामू, हा कोण?"

युरोपातला प्लेगचा डॉक्टर. हा पोशाख काळ्या मृत्यूनंतर जवळपास तीनशे वर्षांनी आला, पण मुलांच्या पुस्तकांत दोन्ही एकत्रच दिसतात. मग मी तिला गोष्ट सांगितली. 1347 मध्ये काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांतून रोग सिसिलीत उतरला. उंदरांवरच्या पिसवांमधून जंतू माणसांत गेले. जांघेत, काखेत गाठी येत. चार-पाच वर्षांत युरोपची निदान एक तृतीयांश माणसं गेली. कैरो, दमास्कसही सुटले नाहीत. इब्न खल्दूनचे आईवडील ट्यूनिसमध्ये याच साथीत गेले.

बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. माझ्या मते, खरी गोष्ट इथून पुढे आहे.

लोकांना पिसू दिसली नाही, शेजारी दिसला. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं, अशी अफवा उठली. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी 1348 मध्येच सांगितलं होतं. तरी 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. तेव्हा त्या शहरात प्लेग पोहोचलाही नव्हता! याउलट 1348 च्या दमास्कसमध्ये मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती आपापले ग्रंथ घेऊन एकत्र दुआ मागायला निघाले, असं इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे.

भाचीने विचारलं, "आपल्याकडे असं नाही ना होत?"

काय सांगणार? 2020 मध्ये कोरोना आला आणि बोट तबलीगी जमातकडे वळलं. भाजीवाल्याला भाव विचारण्याआधी नाव विचारलं गेलं. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. पण आरोप घरोघर पोहोचले होते, निकाल किती घरांत पोहोचला?

आपल्या घरातलीही चूक मुलांना सांगायला हवी. मोमिनाला साथ शिवत नाही, असं तेव्हा आपल्यातलेही काही जण म्हणत होते. जिथे साथ आहे तिथे जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही तर खुद्द पैगंबरांची (स.) शिकवण. हजरत उमर शामच्या वाटेवरून याच कारणाने परतले होते. ग्रॅनडाच्या इब्न अल्-खतीबने तर चौदाव्या शतकातच लिहिलं, की रोग संसर्गाने पसरतो हे डोळ्यांना दिसतं, ते नाकारू नये.

शेवटी मी तिला पुण्याची गोष्ट सांगितली. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले एका अस्पृश्य घरातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. त्याच रोगाने 10 मार्चला त्यांचं निधन झालं.

प्लेगवर आज औषध आहे. वेळेत दिलं तर माणूस वाचतो. शेजाऱ्यावर बोट ठेवायची खोड मात्र औषधाने जात नाही. त्यासाठी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतील, स्ट्रासबर्गची आणि सावित्रीबाईंचीही.