भार कोणत्या पायावर?

व्यायाम म्हटला की अमरावतीकरांच्या डोळ्यांसमोर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान उभे राहते. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली या संस्थेचा पाया घातला आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. दंड, बैठका, मल्लखांब यांच्या या परंपरेत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला व्यायाम म्हणजे घाम आणि वेग असेच वाटते. त्याने ‘ताई-ची’ हा चिनी व्यायामप्रकार पाहिला, तर प्रथम हसू येणे स्वाभाविक आहे. पाण्यातून चालावे तशी माणसे सावकाश पाऊल टाकतात, हात अलगद फिरवतात; एवढ्याने काय साधणार? पण गुडघे किंचित वाकवून पाच मिनिटे त्याच गतीने चालून पाहिले की मांड्या थरथरू लागतात आणि हसू मावळते.

जैन घरात आणखी एक शंका उपस्थित होईल. ‘ताई-ची-च्युआन’ या पूर्ण नावातील शेवटच्या शब्दाचा अर्थ ‘मूठ’ असा आहे. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात वाढलेली ही मूळची युद्धकला. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. १९५६ साली चीनमध्ये सामान्य जनतेच्या आरोग्यासाठी तिचा चोवीस हालचालींचा सोपा क्रम तयार झाला, आणि २०२० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज बागेत ती करणाऱ्यांपुढे कोणी प्रतिस्पर्धी नसतो. आणि युद्धकला म्हणूनही तिची मूळ शिकवण बळाला बळाने न भिडण्याची आहे.

या साधनेचे सार तिच्या चालीत आहे. पाऊल टाकण्यापूर्वी शरीराचा सारा भार एका पायावर घ्यायचा. दुसरा पाय पूर्ण रिता करायचा. रित्या पायाची टाच पुढे अलगद टेकवायची, पण भार द्यायचा नाही. जमीन निसरडी वाटली तर तो पाय सहज मागे घेता येतो. खात्री पटल्यावरच, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतावे तसा भार पुढे न्यायचा. पाऊल टाकताना दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा भार ठेवून अडकणे हा येथे मोठा दोष मानतात. कारण असा माणूस भक्कम उभा दिसतो, पण त्याला धड पुढे जाता येत नाही आणि मागेही सरता येत नाही.

ईर्यासमितीचा संस्कार लाभलेल्या वाचकांना ही चाल परकी वाटणार नाही. चार हात पुढची भूमी पाहत, जपून पाऊल टाकण्याचा हा नियम साधू-साध्वींच्या विहारात आपण नित्य पाहतो. हेतू मात्र वेगळा: तेथे जीवदया प्रधान, येथे शरीराचा तोल. तरीही पाऊल टाकताना मन पावलातच असावे, ही अपेक्षा दोन्हीकडे समान आहे.

उतारवयात हा तोल किती मोलाचा, हे ज्याच्या घरी कोणी न्हाणीघरात किंवा शेवाळलेल्या अंगणात पडले असेल, त्याला सांगावे लागत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन वेळा, चोवीस आठवडे ताई-ची केलेल्या रुग्णांचा तोल इतरांपेक्षा अधिक सुधारला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा त्यांचे पडण्याचे प्रसंगही कमी झाले.

परंतु तोल केवळ शरीराचाच सांभाळावा लागतो असे नाही. अकोल्याच्या बाजारपेठेतील एखादी जुनी पेढी कल्पनेत आणावी. वडील सत्तरीला आलेले, मुलगा पंचेचाळिशीचा. ‘आता सारे तूच पाहतोस,’ असे वडील चार लोकांत अभिमानाने सांगतात. बँकेत सहीचा अधिकार मुलाच्या नावे झालेला आहे. चेकबुक मात्र वडिलांच्या कपाटात आहे. मुलाने ठरवलेला भाव दुपारी वडील फोनवरून बदलतात. व्यापारी गोंधळतात, मुनीम दोघांच्या तोंडाकडे पाहतो आणि मुलगा हळूहळू निर्णय घेणेच सोडून देतो. त्यात कोणाची नियत वाईट नाही. भार दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा राहिला आहे, इतकेच. कोठाराची किल्ली सुनेच्या हाती देऊन डब्यांची मोजदाद स्वतः करणाऱ्या सासूबाईंची गोष्टही निराळी नाही.

याउलट, कंटाळून किंवा रागाने एका दिवसात सारे सोडून देणे हेही पडणेच होय. पुढचा पाय टेकण्यापूर्वीच मागचा उचलला, तर तोल जाणारच. म्हणून आधी एक खाते, मग एक हंगाम, मग सारी उलाढाल, असा भार क्रमाने सरकवावा. मुलाच्या हातून लहान तोटा झाला तर तो पाऊल चाचपण्याचा खर्च समजावा. आणि भार एकदा पुढे गेला की मागचा पाय खरोखर रिता करावा. ज्याला आपण अपरिग्रह म्हणतो, त्याची कसोटी तिजोरीपेक्षा अधिकारावर लागते. धनाचे दान देणारे हात पुष्कळ असतात, पण निर्णयाचे दान देणारे थोडे.

आरंभ घरातच करता येईल. गुडघ्यांचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, इतरांनी भिंतीजवळ उभे राहून, रोज सकाळी दहा मिनिटे अशी दहा-वीस पावले टाकावीत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीची वेळ उत्तम. प्रत्येक पावलाला एकच प्रश्न स्वतःला विचारावा: भार आता कोणत्या पायावर आहे?

दिवाळीपर्यंत उत्तर स्पष्ट झाले, तर वहीपूजनानंतर नव्या वहीतील पहिली नोंद मुलाला करू द्यावी. वडिलांनी ती शांतपणे वाचावी आणि लेखणी हाती न घेता वही मिटावी.