निकालाआधीचा वकील

नोव्हेंबर १९३८. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक कृष्णवर्णीय वकील युक्तिवादाला उभा राहिला आणि न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स यांनी खुर्ची वळवून त्याच्याकडे पाठ केली. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन बोलत राहिले. पुढच्याच महिन्यात निकाल लागला, सहा विरुद्ध दोन, आणि तो ह्यूस्टन यांच्या बाजूने. पाठ फिरवणारे न्यायमूर्ती त्या दोघांपैकी एक होते, हे सांगायला नकोच.

गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ‘ब्राउन’ खटला कायद्याचा विद्यार्थी कुठेही शिको, त्याच्या कानावर पडतोच. तो लढवणारे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थरगुड मार्शलही ठाऊक असतात. ह्यूस्टन यांचं नाव येतं ते ‘मार्शल यांचे गुरू’ एवढ्यापुरतं. ही ओळख खोटी नाही, पण अन्यायाची आहे. गुरू म्हटलं की माणूस वर्गात उभा दिसतो. ह्यूस्टन यांचं खरं काम कनिष्ठ न्यायालयांत झालं, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर आणि कागदपत्रांच्या ढिगात. त्यांचा गौरव करायचा, तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

खरं तर त्याहीआधी, लष्करी छावणीतून. १८९५मध्ये वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले ह्यूस्टन वकिलाचे चिरंजीव. ॲमहर्स्ट कॉलेजातून १९१५मध्ये पदवी घेऊन ते इंग्रजी शिकवू लागले होते. वकिलीचं वेड असं काही नव्हतं. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांसाठी आयोवातल्या फोर्ट डे मॉइन इथे वेगळी प्रशिक्षण छावणी निघाली. तिथून ते लेफ्टनंट होऊन बाहेर पडले आणि पुढे तोफखान्यात गेले. मधल्या काळात कृष्णवर्णीय सैनिकांविरुद्धचे लष्करी खटले चालवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आरोपात दम नाही असं तपासाअंती सांगावं, तर वरिष्ठांची बोलणी खावी लागत. न्यायाच्या नावाखाली काय काय उरकलं जातं, ते या तरुण अधिकाऱ्याने आतून पाहिलं.

फ्रान्समध्ये तर शत्रूआधी स्वतःच्याच सैन्याशी गाठ पडली. व्हान शहरात एका रात्री गोऱ्या अमेरिकी सैनिकांच्या जमावाने ह्यूस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याला चौकात घेरलं. अंगावर त्याच देशाचा गणवेश असूनही जीव गेल्यातच जमा होता. लष्करी पोलिसांचा एक अधिकारी वेळेवर आला म्हणून ते वाचले. लढाई संपेपर्यंत जगलोच, तर कायदा शिकायचा आणि ज्यांना उलटून वार करता येत नाही त्यांच्यासाठी लढायचं, हा निश्चय याच काळातला. असे निश्चय पुष्कळ जण करतात आणि घरी आल्यावर विसरतात. ह्यूस्टन १९१९मध्ये परतले आणि त्याच वर्षी हार्वर्डमध्ये कायदा शिकायला दाखल झाले. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या संपादक मंडळातले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पाठोपाठ डॉक्टरेट, आणि मग वडिलांच्याच कचेरीत वकिली.

१९२९मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे तिथले रात्रीचे वर्ग त्यांनी बंद केले आणि पूर्णवेळ शिक्षण सुरू केलं. अनेकांचे संसार त्या नोकऱ्यांवर चालत होते. ओरड झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. ह्यूस्टन मागे हटले नाहीत. १९३१मध्ये महाविद्यालयाला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. विद्यार्थ्यांनी त्यांना ‘लोखंडी बूट’ असं टोपणनाव ठेवलं होतं. वकील एक तर समाजाची घडी नव्याने बसवणारा अभियंता असतो, नाहीतर समाजाच्या जिवावर पोसलेलं बांडगूळ, असं ते वर्गात बजावत. मधला पर्याय त्यांना मान्य नव्हता.

हीच शिस्त त्यांच्या खटल्यांत दिसते. १९३३मध्ये व्हर्जिनियातल्या लीसबर्ग इथे दोन गोऱ्या स्त्रियांच्या खुनाचा आरोप असलेल्या जॉर्ज क्रॉफर्ड या कृष्णवर्णीय माणसाचं वकीलपत्र त्यांनी घेतलं. ज्यूरी सगळी गोरी, बचावाचे वकील सगळे काळे. दक्षिणेतल्या त्या गावाने असं दृश्य पाहिलेलं नव्हतं. आरोपी दोषी ठरला, पण मृत्युदंडाऐवजी जन्मठेप झाली. ह्यूस्टन यांनी अपील केलं नाही, कारण फेरखटला झाला असता तर मृत्युदंडाची टांगती तलवार पुन्हा डोक्यावर आली असती. चळवळीतल्याच काहींनी त्यांच्यावर माघारीचा ठपका ठेवला. टीकाकारांना तत्त्वाचा खटला हवा होता; ह्यूस्टन यांच्यासमोर एक जिवंत अशील होता. वकिलाचा निर्णय बरोबर होता.

शाळांच्या लढ्यातही घाई नव्हती. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये उचलून धरलं होतं. त्यावर थेट घाव घातला असता, तर १९३०च्या दशकात हार ठरलेलीच. म्हणून ह्यूस्टन यांनी त्यातला ‘समान’ हा शब्द पकडला. वेगळं ठेवता ना? मग खरोखरच समान करून दाखवा. कॅमेरा घेऊन ते साउथ कॅरोलिनाच्या खेड्यांत फिरले आणि गोऱ्या मुलांच्या पक्क्या इमारती व काळ्या मुलांच्या मोडकळीला आलेल्या खोल्या त्यांनी चित्रित केल्या. पहिले दावे मात्र प्राथमिक शाळांचे नव्हते, विधी महाविद्यालयांचे होते. यात खोच होती. न्यायाधीश स्वतः अशाच महाविद्यालयांतून आलेले. एका विद्यार्थ्यासाठी काढलेलं वेगळं महाविद्यालय समान असतं, हे त्यांच्या गळी उतरवणं अवघड. शिवाय प्रत्येक राज्याने वेगळी विधी आणि वैद्यकीय महाविद्यालयं काढायची म्हटली, तर वर्णभेद परवडेना.

जून १९३५मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात याची परीक्षा झाली. डोनाल्ड मरे या ॲमहर्स्टच्याच पदवीधराला मेरीलँडच्या विधी महाविद्यालयाने वर्णामुळे प्रवेश नाकारला होता. थरगुड मार्शल बरोबर होतेच. ह्यूस्टन यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांनाच साक्षीसाठी उभं केलं आणि शांतपणे, एकेक प्रश्न विचारत, समान सोयींचा दावा उसवत नेला. राज्यात मेरीलँडचा कायदा शिकण्याची दुसरी सोयच काळ्या विद्यार्थ्याला नव्हती. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे प्रवेशाचा आदेश दिला, १९३६मध्ये तो अपिलातही टिकला आणि मरे १९३८मध्ये पदवीधर झाले. पाठ फिरवलेल्या न्यायमूर्तींसमोरचा मिसूरीचा खटला हे याच्या पुढचं पाऊल. विद्यार्थ्याला फी देऊन परराज्यात धाडलं की राज्याची जबाबदारी संपते, हा बचाव तिथे कोसळला. त्यातले फिर्यादी लॉइड गेन्स मात्र निकालानंतर सुमारे तीन महिन्यांनी शिकागोतून नाहीसे झाले, ते पुन्हा कधीच सापडले नाहीत.

आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या कृष्णवर्णीय फायरमनना गोऱ्यांच्या संघटनेने करार करून कामावरून हुसकायला घेतलं, तेव्हाही ह्यूस्टन उभे राहिले. अलाबामात हार झाली, पण १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जी संघटना सगळ्या कामगारांच्या वतीने बोलते, तिने सगळ्यांचं हित पाहिलं पाहिजे, सभासद नसलेल्यांचंही. पुढच्या वर्षी रोजगारातला भेदभाव रोखणाऱ्या सरकारी समितीचा त्यांनी राजीनामा दिला. राजधानीतल्या ट्राम कंपनीविरुद्ध समितीला आदेश काढू द्यायला अध्यक्ष ट्रुमन तयार नव्हते, आणि शोभेचं सभासदत्व ह्यूस्टन यांना नको होतं.

२२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. त्याच वर्षी मरणोत्तर स्पिनगार्न पदक मिळालं, पुढे हॉवर्डमधल्या इमारतीला नाव दिलं गेलं, हार्वर्डमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली. हे सगळं योग्यच. आपण सगळे फक्त त्यांच्या पिशव्या वाहत होतो, असं मार्शल पुढे सांगत. पण पिशव्यांत काय होतं, हे अशा सोहळ्यांत कुणी उघडून दाखवत नाही. साक्षी, आकडे, छायाचित्रं, फीच्या पावत्या. वरच्या न्यायालयाला नंतर नाकारता येणार नाही असा नोंदवलेला पुरावा. विधी महाविद्यालयांतही निकालपत्र वाचून घेतात, उलटतपासणी क्वचितच. ‘ब्राउन’ शिकवण्याआधी एक तास बाल्टिमोरला दिला, तर विद्यार्थ्यांना निकाल कसा घडतो ते दिसेल.

१७ मे १९५४ला ‘ब्राउन’बरोबरच वॉशिंग्टनच्या शाळांच्या खटल्याचाही निकाल लागला. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांचं काम सुरुवातीला ह्यूस्टन यांच्याकडे होतं. दुखणं वाढलं, तेव्हा त्यांनी त्या पालकांना आपले सहकारी जेम्स नॅब्रिट यांच्याकडे पाठवलं होतं.