कार्ड आहे, बेड नाही

माजी सैनिकांचे उपचार सरसकट खासगी रुग्णालयांकडे सोपवा, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पुण्यात बसून पटेलही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत (ईसीएचएस) २००३ पासून तिच्या पॉलिक्लिनिकच्या रेफरलवर खासगी उपचार मिळतातच. पण बिले सरकारी दराने, तीही रखडत निघतात. मग खासगी रुग्णालयात योजनेचे कार्ड पाहताच ‘बेड नाही’ ऐकावे लागते. लोणारकडचा म्हातारा फौजी मोठ्या तपासणीसाठी थेट छत्रपती संभाजीनगर गाठतो. पिशवीत कार्ड, रेफरलच्या झेरॉक्स. सोबत मजुरी बुडवून आलेला मुलगा. (म्हाताऱ्याला एसटीत सवलत, मुलाला पूर्ण तिकीट!) फौजीच्या माघारी हेच कागद त्याच्या बायकोने कुणाला विचारायचे? पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर निदान फौजेतलाच कुणी असतो, तो समजावून सांगतो. आधी तिथे पूर्णवेळ डॉक्टर आणि औषधे द्या.
— एक माजी सैनिक, ता. मेहकर, जि. बुलढाणा