शंका आणि आळस

सन २०२१ च्या मे महिन्यांत अठरा वर्षांवरील तरुणांस करोनाची लस खुली झाली. कोव्हिशिल्ड तर जवळच हडपसरास तयार होत होती, तरी भोसरीस राहणारा आमचा महाविद्यालयीन भाचा म्हणाला, "मामा, इतक्या घाईनें केलेली लस कां टोंचून घ्यावी?"

आम्हांस राग आला. पण शंका हा विद्यार्थ्याचा धर्मच. शंकेपाशीं थांबणें हा मात्र आळस. चाचण्यांचे टप्पे गाळले नव्हते, एकमेकांत गुंफले होते, हें आम्हीं त्यास सांगितलें. क्वचित् अपाय होतो, हेंही लपविलें नाहीं. १८९७ सालीं मुंबईस डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस आधीं स्वतःस टोंचून घेतली होती, हें ऐकून तो विचारांत पडला. घरांत ऐंशीची आजी होती. पाळी येतांच तो आपण होऊन गेला.

पालकहो, मुलांस दटावूं नका, उत्तर द्या.