समुद्रावर जाताना जयणा घरी ठेवू नका



मुलांच्या परीक्षा उरकत आल्या की घराघरांत कोकणाचे बेत सुरू होतात. आपल्या लहानपणी सुट्टी म्हणजे पालिताणा नाहीतर मामाचं घर. आता नातवंडांना डॉल्फिन पाहायचे असतात, बोटीत बसायचं असतं. यावर आपल्या मंडळात दोन मतं कानावर येतात. एक म्हणजे, समुद्रात अप्कायाचे असंख्य जीव, किनाऱ्यावर मासळीचा वास, श्रावकाचं तिथे काय काम? दुसरं म्हणजे, सहल ती सहल, तिथे धर्म कशाला आणायचा? मला दोन्ही पटत नाहीत. मुलांना समुद्रावर जरूर न्यावं. पण तिथे जीवदया कशी पाळायची हे घरातल्या बाईने निघण्याआधी ठरवावं. कारण समुद्रावर दया म्हणून जे केलं जातं, त्यातलं बरंचसं दया नसतंच.

आधी न्यायचं कशासाठी ते सांगते. पाठशाळेत मुलं जीवविचार शिकतात. शंख, कवडी हे बेइंद्रिय. मासा, कासव, मगर, सुसुमार हे पंचेंद्रिय जलचर, असं धडाधड म्हणून दाखवतात. सुसुमार म्हणजे काय विचारलं की गप्प. संस्कृतातला शिशुमार हाच शब्द, आणि तो डॉल्फिनसाठीही वापरतात. मुनिसुव्रतस्वामींचं लांछन कासव, नेमिनाथ भगवानांचं शंख. ज्या जीवांना रोज मंदिरात बघतो, त्यांना जिवंत एकदाही बघायचं नाही, हे कसलं शिक्षण? जो जीव कधी पाहिलाच नाही, त्याच्याविषयी मुलांच्या मनात दया येणार कुठून?

आम्ही मागे दापोलीच्या बाजूला गेलो, तेव्हा दिवसाची सुरुवात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर केली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. कोल्ह्या-कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात आणि निघालेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात. थेट पाण्यात नाही, वाळूवर. तिथून समुद्रापर्यंत ती आपली आपण चालतात. लोक दोरीच्या अलीकडे उभे. माझी नात म्हणाली, "आजी, ते उलटं पडलंय, मी सरळ करू?" तिथल्या मुलाने हळूच सांगितलं, "थांब, ते करेल." आणि त्याने केलं! हात न लावणं हीसुद्धा दया असते, हे त्या पाच मिनिटांत तिला कळलं. मी वर्षभर सांगून कळलं नसतं.

याच किनाऱ्यावरच्या वेळासची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. पूर्वी तिथे कासवांची अंडी लोक काढून नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आज तिथे कासव महोत्सव होतो, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, चार पैसे गावात राहतात. रात्री-पहाटे वाळूवर फिरून घरटी शोधणारे हे लोक आपल्यासारखे नवकार म्हणणारे नाहीत. त्यातल्या अनेकांच्या घरात मासळी शिजते. तरी हजारो पंचेंद्रिय जीव त्यांच्या हातून समुद्राला लागले. म्हणून हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव दिसला की नाकाला पदर लावून "छी छी" करू नका. मुलं आपल्याकडून दया शिकण्याआधी तुच्छता शिकतात. आपला नियम आपण कडक पाळावा, पण जीवदयेचा मक्ता आपल्याकडे आहे असं समजू नये.

आता बोटीचं. मुरूड-हर्णेच्या बाजूला सकाळी डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. हे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. मासे नव्हेत ते. पिल्लांना दूध पाजतात आणि श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. आपण जिला उडी म्हणून टाळ्या वाजवतो, ती पुष्कळदा श्वासासाठी घेतलेली धाव असते. पाण्याखाली ते आवाजावर वाट काढतात, भक्ष्य शोधतात. चार बाजूंनी चार बोटी इंजिन घुमवत आल्या तर त्या आईने आणि पिल्लाने करायचं काय?

एका ठिकाणी आम्हाला बोटवाल्याने सांगितलं, "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे देऊ नका." बरोबरच्या मंडळींना सौदा फायद्याचा वाटला. मी बी.कॉम. झालेली बाई, मला त्यातला खर्च दिसला. मजुरी दिसण्यावर ठरली की तो बिचारा पाठलाग करणारच. डिझेल त्याचं, घर त्याचं. तेव्हा दोष एकट्या बोटवाल्याचा नाही, पैसे कशाचे देतो ते ठरवणाऱ्या आपलाही आहे. आम्ही सांगितलं, "दिसो न दिसो, फेरीचे पूर्ण पैसे देऊ, पण लांबून दाखवा आणि जवळ आले तर इंजिन बंद करा." त्याने आनंदाने केलं. दोनदा पाठी दिसल्या, तेवढंच. पण त्या शांततेत श्वासाचा फुस्स असा आवाज ऐकू आला. तो पाठलाग करणाऱ्या बोटीत कुणाला ऐकू येणार?

मुंबईच्या मैत्रिणींसाठी एक वेगळं सांगायचं आहे. अलिबागला जाताना गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलात की हिवाळ्यात सीगल मागे लागतात. लगेच पिशवीतून शेव, गाठिया, वेफर निघतात आणि "पक्ष्यांना घाला, पुण्य लागतं" असं मुलांना शिकवलं जातं. कबुतरांच्या दाण्यावरून झालेले वाद आपण पाहिलेत, त्यात मी आज शिरत नाही. पण हे पक्षी दूर उत्तरेतून स्वतःच्या पंखांवर येतात, आपलं पोट आपण भरतात. तळलेलं, मिठाचं फरसाण त्यांचं अन्न नाही. ते घालण्यात आनंद आपला आणि फोटो आपला, त्यांच्या पदरात काय पडतं? पुण्याच्या खात्यात ही रक्कम मला तरी जमा धरवत नाही.

बारा व्रतांतलं आठवं व्रत अनर्थदंड विरमण. ज्याच्यावाचून काही अडत नाही अशी हिंसा टाळणं. समुद्रावर हेच व्रत सगळ्यात उपयोगी पडतं. शंखशिंपले पिशवी भरून आणू नका. कितीतरी शंखांत छोटा खेकडा राहत असतो, आणि रिकामा दिसणारा शंख उद्या त्याचं घर होणार असतो. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसली तर बाजूने चाला, तिथे खेकड्यांची बिळं असतात. गाडी वाळूत उतरवू नका, घरातल्या पुरुषांनी कितीही हट्ट केला तरी. खाकऱ्याच्या पिशव्या मोजून न्या, मोजून परत आणा. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते गिळतं. उकळलेलं पाणी घरून स्टीलच्या बाटल्यांत घ्या. जिथे उतरणार तिथे कांदा-लसूण-बटाटा नको हे फोनवरच सांगून ठेवा. चोविहार असेल तर जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपून मग किनाऱ्यावर या. हात रिकामे असले की मावळतीही नीट दिसते.

आणखी एक. चातुर्मासात आपण विहार, प्रवास आवरतो. पावसाळ्यात या पर्यटन बोटीही बंद असतात. त्यामुळे जायचं ते थंडी-उन्हाळ्यातच, आणि कासवांची पिल्लं पाहायची तर एप्रिल उलटण्याआधी.

इरियावहियं म्हणताना आपण चालण्यात दुखावलेल्या जीवांची क्षमा मागतो. समुद्रावरून परतल्यावर ती मागावी लागणारच, पाय ठेवला की विराधना आलीच. पण जाणूनबुजून केलेल्या गोष्टी त्या यादीत वाढवायच्या की कमी करायच्या, हे आपण बोटीत चढण्याआधी ठरवू शकतो. या सुट्टीत तेवढं ठरवा, आणि मुलांनाच बोटवाल्याशी बोलू द्या: "काका, लांबूनच दाखवा."