अस्मानी की सुलतानी?

संकटांचे अस्मानी आणि सुलतानी असे दोन वर्ग आपल्याकडे फार जुन्या काळापासून पाडलेले आहेत. आभाळातून येते ते अस्मानी, राज्यकर्त्याच्या करणीने येते ते सुलतानी. पहिल्याबद्दल दाद मागावयाची ती देवाजवळ, दुसऱ्याबद्दल ती सरकारजवळ. ही वाटणी ठीकच आहे. परंतु तिच्यात एक चोरवाट आहे व ती राज्यकर्त्यांस पूर्वापार ठाऊक आहे. सुलतानीचे खापर अस्मानीवर फोडता आले की गाऱ्हाणे घेऊन निघालेला माणूस देवळाकडे वळतो आणि कचेरीचे दार रिकामे राहते. कृष्णा-वारणेच्या पुरांसंबंधी आजवर सरकारपक्षाकडून, मग तो कोणताही पक्ष असो, जे बोलले गेले ते बहुतेक याच चोरवाटेने गेले आहे.

सांगलीस १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. ४० फुटांस इशारा व ४५ फुटांस धोका, असे मान तेथे ठरलेले आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही वर चढले. आणि लोकांनी भिंतींवरचा चिखल पुरता खरवडला नाही तोच २०२१ च्या जुलैत ते पुन्हा ५४ फूट ओलांडून गेले. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ येथे नाव उलटून १७ माणसे बुडाली, हे या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पाऊस अस्मानी, हे आम्ही निर्विवाद मान्य करतो. कोयनेच्या खोऱ्यात पडणारा पाऊस कोणा मंत्र्याच्या हुकुमाने पडत नाही. परंतु त्या पाण्याच्या ठरलेल्या वाटेवर घर कोणी बांधू दिले, नकाशावर शिक्का कोणी मारला, घरपट्टी कोणी वसूल केली, हे प्रश्न आभाळाला विचारावयाचे नाहीत.

पाण्याची वाट ठरलेली आहे, हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. सरकारनेच ती रेघ मारून ठरविली आहे. १९८९ साली पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून निळी व लाल अशा दोन पूररेषांची व्याख्या केली. सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. नदीकाठ ते निळी रेषा हा टापू निषिद्ध. निळी ते लाल हा नियंत्रित. पुढे २०२० साली राज्यासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली, तिच्यातही हाच भेद कायम ठेवलेला आहे: निळ्या रेषेच्या आत बागा, मैदाने, स्मशाने अशा मोकळ्या वापरासच मुभा, आणि दोन रेषांच्या मध्ये बांधावयाचे तर लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंचीवर. त्याच वर्षी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ च्या पुरावरील आपला अहवाल सरकारास सादर केला व नदीपात्रातील आणि पूरटापूतील अतिक्रमणांवर स्पष्ट बोट ठेवले. अलमट्टीच्या नावाने दर पावसाळ्यात जो शंखध्वनी होतो, त्याला या समितीने फारसा आधार दिला नाही. अलमट्टीची उंची वाढविण्यास विरोध अवश्य करावा. पण शेजारच्या राज्यातील धरणाकडे बोट दाखविताना आपल्याच गावातील परवान्यांची बाडे लपविण्याचा हेतू त्यात नसावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता याच सरकारचा दुसरा हात पाहा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकण्यास बंदी घातली. बंदी कागदावर राहिली व सांगलीच्या भोवती गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली. ती घेणारे हमाल, गिरणीकामगार, लहान दुकानदार, शिक्षक. स्वस्त जमीन ती, आणि स्वस्त कां, तर सखल म्हणून. सांगलीतील शामरावनगराचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे; तेथे नदी यावयाच्या आधीच पावसाचे पाणी दारी येऊन बसते. २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ साली त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचावे हा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु नियमित करणे म्हणजे केवळ शुल्क भरून घेणे नव्हे. ज्या दिवशी सरकारने विकास आकार घेतला, पालिकेने घरपट्टीचे पुस्तक उघडले, नळ दिला, वीज कंपनीने मीटर बसविला व दुय्यम निबंधकाने मुद्रांक शुल्क घेऊन खरेदीखतावर शिक्का उठविला, त्या दिवशी प्रत्येकाने त्या माणसास एकच गोष्ट सांगितली की, येथे राहण्यास हरकत नाही. पावती देणारा शेवटी पाहुण्यासारखा हात झाडून निघून जातो, ही रीत कोणत्याही प्रामाणिक पेढीवर चालणार नाही.

आणि पूर ओसरल्यावर काय मिळते? सानुग्रह अनुदान. २०१९ साली ते खेड्यात कुटुंबामागे दहा हजार व शहरात पंधरा हजार असे ठरले होते. आकड्याविषयी आम्ही येथे भांडत नाही; आमचे भांडण त्या शब्दाशी आहे. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपा म्हणून दिलेले. कृपा करणारा मोठा आणि घेणारा लहान. कृपा उशिरा आली तरी तक्रार नाही, कमी आली तरी नाही, आणि मुळीच आली नाही तर दावा नाही. नुकसानभरपाई हा निराळा शब्द आहे. तीत देणाराची चूक गृहीत असते, रक्कम नुकसानाच्या मापाने ठरते व ती न मिळाल्यास कोर्टाची पायरी चढता येते. सरकारला पहिला शब्द इतका प्रिय व दुसरा इतका अप्रिय कां, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

सरकारवर दावाच चालत नाही अशी एक समजूत लोकांत आहे. ती अर्धवट आहे. १८६१ साली कलकत्त्यास पी. अँड ओ. कंपनीचा घोडा सरकारी गोदीतील कामगारांच्या हयगयीने जखमी झाला, तेव्हा खुद्द इंग्रज अमदानीतील कोर्टाने भरपाईची जबाबदारी सेक्रेटरी ऑफ स्टेटवर टाकली होती. पुढे १९६५ साली कस्तुरीलालच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सार्वभौम अधिकाराची ढाल सरकारच्या हाती पुन्हा दिली. परंतु १९९४ साली नागेंद्र राव यांच्या खटल्यात ती ढाल पुष्कळ पातळ झाली. हा खटला आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा: आंध्रातील एका व्यापाऱ्याचा खताचा व धान्याचा माल अधिकाऱ्यांनी जप्त करून पडून नासू दिला, आणि त्या हयगयीबद्दल राज्याने पैसे मोजावे असे ठरले. पालिकांपुरते बोलावयाचे तर १९८० सालचा रतलामचा निकाल आहेच. गटारे बांधण्यास पैसे नाहीत, ही सबब पालिकेस आपल्या कर्तव्यातून सोडवू शकत नाही, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे.

मग अडते कोठे? अडते ते एका लहानशा शब्दापाशी. सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही, असे कलम नगररचनेच्या कायद्यात आहे, तसेच ते इतर अनेक कायद्यांत आहे. सद्भावना म्हणजे काय? १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याची व्याख्या अशी की, कृत्य प्रामाणिकपणे केलेले असले म्हणजे पुरे. मग त्यात हयगय असो वा नसो. फौजदारी कायद्याची व्याख्या याहून कडक आहे; तेथे योग्य काळजी व लक्ष नसेल तर सद्भावना नाहीच. म्हणजे साधा माणूस फौजदारी कोर्टात उभा राहिला की त्याच्याकडून काळजीची अपेक्षा, आणि पूररेषेचा नकाशा टेबलाच्या खणात ठेवून परवान्यावर सही करणारा अधिकारी मात्र केवळ लाच घेतली नाही एवढ्यावर निर्दोष! ज्या रेषा सरकारनेच मारल्या त्या पाहण्याची काळजी ज्याने घेतली नाही, त्यास सद्भावनेचा आसरा मिळू नये, एवढी दुरुस्ती विधिमंडळाने केली तरी निम्मे काम होईल.

ही मागणी अघटित आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने फ्रान्सकडे पाहावे. २०१० च्या फेब्रुवारीत तेथील ला फोत-स्यूर-मेर नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावात वादळाने पाणी शिरून २९ माणसे मेली. घरे सखल जागी होती व धोका अगोदर कळविलेला होता. गावच्या नगराध्यक्षावर खटला होऊन २०१४ साली चार वर्षांची सजा झाली. अपिलात २०१६ साली ती दोन वर्षांची व तहकूब अशी करण्यात आली. सजा कमी झाली याचे आम्हांस दुःख नाही. एका म्हाताऱ्या नगराध्यक्षास तुरुंगात बसवून कोणाचे घर वर येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तेथील सरकारने धोक्याच्या टापूतील घरे पुरापूर्वीच्या किमतीने विकत घेऊन पाडून टाकली.

आमच्याविरुद्ध कोणी म्हणेल, भरपाई शेवटी करदात्याच्या खिशातूनच जावयाची. आष्ट्याच्या उंचवट्यावरील दुकानदाराने नदीकाठच्या घराचे पैसे कां भरावे? प्रश्न रास्त आहे. पण तो आजही भरतोच आहे. बोटी, छावण्या, अनुदाने, रस्त्यांची पुनर्बांधणी हे सारे कोणाच्या पैशातून होते? फरक इतकाच की आज चुकीचा परवाना देणाऱ्या संस्थेच्या जमाखर्चात त्याची एक ओळही उमटत नाही. ती उमटू लागली म्हणजे पुढचा परवाना देताना लेखणी आपोआप अडखळेल. दुसरा आक्षेप असा की, घेणाऱ्यासही जागा सखल असल्याचे दिसत होते. जेथे त्यास खरोखर ठाऊक होते तेथे कोर्टाने त्याचा वाटा वजा करावा. आणि सांगलीच्या गणपती पेठेसारख्या ज्या वस्त्या या रेषांच्या कितीतरी आधीच्या आहेत, त्यांस कोणी अतिक्रमण म्हणू नये. त्यांचा प्रश्न संरक्षणाचा व विम्याचा आहे, आणि तो परवान्याच्या प्रश्नात मिसळल्यास दोहोंचा घोटाळा होईल. आमची मागणी आहे ती रेषा जाहीर झाल्यानंतर त्या रेषेच्या आत, नियमाविरुद्ध, ज्यांस परवाना मिळाला अथवा ज्यांचे बांधकाम पैसे घेऊन नियमित झाले, त्यांच्यापुरती: त्यांस भरपाई हक्काने मिळावी, आणि हयगय सिद्ध झाल्यास तिचा काही भाग सही करणाऱ्याच्या वेतनातून वळता व्हावा.

आता घरचे. आष्टा हे गाव कृष्णा आणि वारणा यांच्या दुआबात आहे; या दोन्ही नद्या पुढे हरिपुरास मिळतात, आणि संगमावर एकीचे पाणी चढले की दुसरीचे अडते. सांगली पुराने गांजली म्हणजे माणसे व माल सरकून इकडे येणार, जमिनीचे भाव चढणार व बिनशेतीचे अर्ज वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिका असलेल्या या गावास सांगलीने जे चुकत चुकत शिकले ते फुकट शिकण्याची संधी आहे. नदी लांब असली तरी ओढे लांब नाहीत. ओढ्याची हद्द जमिनीवर दगड रोवून दाखवावी. बांधकामाच्या प्रत्येक परवान्यावर पूररेषेपासूनचे अंतर व जोत्याची उंची लिहून खाली अधिकाऱ्याने नाव व हुद्द्यासह सही करावी. आणि रेषेच्या आतील जमिनीच्या सातबाऱ्यावर व खरेदीखतावर तशी नोंद असल्याशिवाय दस्त होऊ नये, असा ठराव पालिकेने करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा. पहिल्या दोन गोष्टींस मुंबईच्या परवानगीची गरज नाही. त्या पुढच्या पावसाळ्याच्या आत करता येतील. आणि न केल्यास कां केल्या नाहीत, हे विचारण्यास नगरसेवकांचे दार आष्टेकरांस लांब नाही.