निवड आधी, रंग मागाहून

‘मागच्यासारखाच रंग द्या’ या निरोपाने कापडाच्या धंद्यात जेवढे नुकसान केले, तेवढे मंदीनेही केले नसेल. आम्हीही शाहूपुरीतून एकदा असाच तोंडी निरोप धाडला आणि अस्तराची ठाणे भलत्याच छटेची आली. शेड नंबर लिहिलाच नव्हता, भांडणार कोणाशी?

बी.एस्सी.ला असलेल्या आमच्या भाचीच्या संगणकावर याच दुखण्याचा इलाज दिसला. रेणूचे चित्र दाखविणारे रासमोल हे सॉफ्टवेअर रॉजर सेल यांनी १९९० च्या दशकात तयार करून मोफत वाटले. तिने ‘सिलेक्ट नायट्रोजन’ असे टाइप केले, मग ‘कलर ब्लू’. तेवढेच अणू निळे झाले. निवड करायची विसरलात तर रंग आधीच्या निवडीवर पडतो. सुरुवातीलाच विसरलात तर सगळा रेणू निळा! हे हुकूम फाइलमध्ये लिहून ठेवले की वर्षाने तीच फाइल चालवा, तेच चित्र हजर. आमच्या भाषेत हे शेडकार्डच झाले.

अणूंना असा रंग मुळात नसतो. कार्बन करडा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा हा केवळ ठरलेला रिवाज.

आम्ही तिला अझो रंगाचा रेणू दाखवायला सांगितला. दोन निळे गोळे शेजारी-शेजारी. हा सांधा तुटला की काही रंगांतून बेंझिडिनसारखे कॅन्सरकारक पदार्थ सुटतात. म्हणूनच जर्मनीने १९९४ साली आणि आपल्या सरकारने १९९७ साली अशा रंगांवर बंदी घातली. प्रत्येक अझो रंग मात्र वाईट नव्हे; सांध्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहावे लागते. बिलावर ‘अझो-फ्री’चा शिक्का मारणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

आमची मुले भरमसाट फी भरून नुसते माऊस दाबायला शिकतात. हुकूम लिहिण्याचा हुनर वेगळा, आणि त्याला पैसा लागत नाही. रासमोल, जेमोल फुकट मिळतात, जुन्या संगणकावरही चालतात. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, ते इल्मासाठीच. व्यापारी बंधूंनी बिलिंगचा संगणक बदलताना जुना भंगारात न घालता एखाद्या उर्दू शाळेत पोहोचवावा. आमचा या दिवाळीच्या सीझननंतर निघणार आहे.